दोन तासांचे उत्तर आणि सहा आठवड्यांची साक्ष

राधानगरी म्हटले, की शहरातील वाचकांना आठवते ते राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले धरण, पावसाळ्यात पाणी चढले की आपोआप उघडणारे त्याचे दरवाजे आणि दाजीपूरच्या जंगलातील गवे. कोल्हापूरहून फोंडा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या तालुक्यात वाड्या-वस्त्या आणि धनगरवाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. अशा एखाद्या वाडीतील माणसाला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, संध्याकाळी अंगात ताप भरत असेल आणि वजन घटत असेल, तर क्षयाची शंका घेऊन त्याच्या थुंकीचा नमुना तपासावा लागतो. पहिली तपासणी तालुक्यात किंवा जिल्ह्यात होऊ शकते. मात्र आजार नेहमीच्या औषधांना दाद देत नाही असा संशय आला, की नमुन्याला लांबचा प्रवास करावा लागतो. जंतू वाढवून पाहणाऱ्या प्रमाणित प्रयोगशाळा मोजक्या आहेत. राज्यातील क्षयरोगाच्या मध्यवर्ती संदर्भ प्रयोगशाळा पुणे आणि नागपूर येथे आहेत आणि त्यांतील जवळची पुण्याचीही राधानगरीपासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेथून अंतिम अहवाल यायला कधी दोन, तर कधी सहा ते आठ आठवडे लागतात.

क्षयाचे निदान आता दोन तासांत होते, असे आपण वाचतो आणि ते खरेही आहे. मग हा आठवड्यांचा खोळंबा कशासाठी, असा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे, की दोन तासांची चाचणी जंतूची खूण ओळखते. तो जंतू जिवंत आहे का आणि कोणत्या औषधाने मरतो, हे पूर्णपणे कळण्यासाठी मात्र त्याला प्रयोगशाळेत वाढवूनच पाहावे लागते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. त्यामुळे हे वाढवणे, म्हणजेच ‘कल्चर’, कसे केले जाते आणि ते कोठे बिघडू शकते, हे सामान्य नागरिकानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

मिनिटांचा हिशेब आणि तासांचा हिशेब

लघवीतील संसर्गाचे कल्चर दिले, तर एक-दोन दिवसांत अहवाल हाती येतो. अशा संसर्गाला बहुधा कारणीभूत असणारा ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला, म्हणजे मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिसला, दुप्पट होण्यासाठी साधारण वीस तास लागतात. एका जंतूचे दहा लाख जंतू व्हायचे तर वीस वेळा दुप्पट व्हावे लागते. ई. कोलायला त्यासाठी चारशे मिनिटे, म्हणजे सात तासांहूनही कमी वेळ पुरतो. क्षयजंतूला चारशे तास, म्हणजे जवळपास सतरा दिवस लागतात. डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका तयार होण्यासाठी लाखोंच्या संख्येने जंतू एकत्र यावे लागतात. अहवालाच्या विलंबाचे मूळ कारण या साध्या गणितात आहे.

ही संथ चाल जंतूच्या घडणीतच आहे. त्याच्याभोवती मायकोलिक आम्लाचे मेणासारखे जाड आवरण असते. हे आवरण त्याला कोरडेपणापासून, अनेक रसायनांपासून आणि आपल्या शरीराच्या संरक्षक पेशींपासून वाचवते. पण अन्नद्रव्येही त्यातून हळूहळूच आत शिरतात. शिवाय प्रथिने तयार करणारी यंत्रणा घडवण्यासाठी ई. कोलायकडे जनुकांचे सात संच असतात, तर क्षयजंतूकडे एकच. प्रयोगशाळेत मात्र जंतूचे हेच मेणासारखे आवरण मदतीला येते. त्यामुळे क्षयजंतू एखाद्या रसायनाचा मारा सहन करतो आणि इतर जंतू मरतात. संपूर्ण कल्चरपद्धती या फरकावर उभी आहे.

कॉख यांचा संयम

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. जागतिक क्षयरोग दिन याच तारखेला पाळला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसला, एवढ्यावर कॉख यांना थांबायचे नव्हते. तोच जंतू शरीराबाहेर वाढवून, प्राण्यांना टोचून, त्यातून पुन्हा क्षय होतो हे दाखवणे आवश्यक होते. त्यासाठी त्यांनी जनावरांच्या रक्तातील रक्तद्रव उष्णतेने गोठवला, तो तिरप्या नळ्यांत ठेवला आणि शरीराच्या तापमानाला उबवला. पहिला आठवडा काहीच दिसत नाही. वाढ दुसऱ्या आठवड्यात दिसू लागते. इतर जंतूंच्या सवयीने चार दिवसांत नळी टाकून दिली असती, तर हा शोध हातातून निसटला असता.

सगळ्याच संथ जंतूंना असे यश लाभलेले नाही. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेचे हॅन्सेन यांनी कॉख यांच्याही आधी, १८७३ मध्ये पाहिला होता. त्याला दुप्पट होण्यासाठी सुमारे दोन आठवडे लागतात आणि कृत्रिम माध्यमात तो आजतागायत वाढवता आलेला नाही. त्या तुलनेत क्षयजंतू हळू का होईना, वाढतो, ही वैद्यकाच्या दृष्टीने मोठी सोय म्हणावी लागेल.

थुंकीतील गर्दी

थुंकीचा नमुना हा काही केवळ क्षयजंतूंचा नमुना नसतो. फुप्फुसातून वर येताना घशातील आणि तोंडातील असंख्य जंतू त्यात मिसळतात. असा नमुना सरळ पोषक माध्यमावर टाकला, तर क्षयजंतू एकदा दुप्पट होईपर्यंत इतर जंतू साठ वेळा दुप्पट होऊ शकतात. मग नळी अक्षरशः कुजते आणि क्षयजंतूचा मागमूस राहत नाही. म्हणून पहिली पायरी असते ती नमुना निर्जंतुक न करता त्यातील नको असलेले जंतू मारण्याची.

अमेरिकेतील पेट्रॉफ यांनी १९१५ मध्ये यासाठी सोडियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे दाहक सोड्याचा, वापर सांगितला. त्यांच्या पद्धतीचे सुधारित रूप आजही वापरात आहे. १९६३ मध्ये क्युबिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला एन-ॲसिटिल-एल-सिस्टीन या द्रव्याची जोड दिली. हे द्रव्य चिकट कफ पातळ करते, त्यामुळे सोड्याचे प्रमाण कमी ठेवून भागते. नमुन्यात हे मिश्रण घालून नळी ढवळायची, पंधरा ते वीस मिनिटे ठेवायची, मग फॉस्फेटचे द्रावण भरून सोड्याचा जोर उतरवायचा आणि नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवायची. तळाशी बसलेल्या चिमूटभर गाळात जंतू एकवटतात आणि हाच गाळ पुढे माध्यमावर पेरला जातो.

या पंधरा-वीस मिनिटांना फार महत्त्व आहे. वेळ कमी पडला, तर इतर जंतू जिवंत राहून कल्चर बिघडवतात. वेळ जास्त झाला, तर क्षयजंतूही मरतात आणि आजारी माणसाचा अहवाल ‘वाढ नाही’ असा येतो. सोडा क्षयजंतूंनाही पूर्णपणे सोडत नाही. प्रत्येक वेळी त्यांचा काही भाग खर्ची पडतोच. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत दूषित होणाऱ्या नळ्यांचे प्रमाण दरमहा मोजतात. घन माध्यमावर ते साधारण तीन ते पाच टक्के असणे योग्य समजले जाते. त्याहून जास्त झाले, तर नमुने वाटेत खराब होत आहेत किंवा प्रक्रिया अपुरी पडते आहे. आश्चर्य वाटेल, पण ते फार कमी झाले तरीही काळजी करावी लागते. कारण मग सोड्याचा मारा अति होत असून त्यात क्षयजंतूही मरत असण्याची शक्यता असते.

अंडी, ग्लिसरॉल आणि हिरवा रंग

क्षयजंतूंसाठी सर्वांत परिचित असलेले घन माध्यम म्हणजे लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यम. ऑस्ट्रियाचे लोवेनस्टाइन आणि डेन्मार्कचे जेन्सन या दोघांच्या १९३० च्या दशकातील कामातून ते घडले. त्याचा मुख्य घटक कोंबडीची ताजी अंडी हा आहे. अंडी साबणाच्या पाण्याने धुऊन, स्पिरिटने पुसून फोडली जातात. त्यांत क्षार, ॲस्पॅराजिन, ग्लिसरॉल आणि मॅलेकाइट ग्रीन हा रंग मिसळतात. हे मिश्रण नळ्यांत भरून, नळ्या तिरप्या ठेवून, ऐंशी ते पंच्याऐंशी अंश सेल्सिअसला सुमारे पाऊण तास तापवले, की अंड्यातील प्रथिने घट्ट होतात आणि फिकट हिरव्या रंगाचा उतार तयार होतो. हा रंग शोभेसाठी नसतो. मॅलेकाइट ग्रीन इतर जंतूंची वाढ रोखून धरतो.

पेरलेल्या नळ्या ३७ अंशांवर उबवल्या जातात. पहिल्या काही दिवसांत एकदा पाहायचे, ते दूषितपणा शोधण्यासाठी. त्यानंतर दर आठवड्याला, आठ आठवडे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खरखरीत, कोरड्या, फिकट पिवळसर रंगाच्या, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या दिसणाऱ्या वसाहती उगवू लागतात. आठ आठवडे पूर्ण झाल्याखेरीज ‘वाढ नाही’ असा निर्वाळा देता येत नाही.

या माध्यमाच्या निवडीतही बारकावे आहेत. गुरांमध्ये क्षय घडवणारा मायकोबॅक्टेरियम बोव्हिस हा याच कुळातील जंतू ग्लिसरॉलवर नीट वाढत नाही; त्याला पायरुव्हेट घातलेले माध्यम मानवते. न तापवलेल्या दुधातून तो माणसापर्यंत पोहोचू शकतो, आणि क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड त्याच्यावर मुळातच चालत नाही. घरोघरी म्हशी असलेल्या आपल्या ग्रामीण भागात दूध उकळून पिण्याची जुनी रीत किती शहाणपणाची आहे, हे यावरून ध्यानात यावे.

प्राणवायूवरून लागणारा सुगावा

डोळ्यांनी वसाहत दिसेपर्यंत थांबण्याऐवजी जंतूंच्या श्वसनाचा माग काढता येईल का, या विचारातून द्रव माध्यमाची पद्धत आली. तिला ‘एमजीआयटी’ असे म्हणतात. या नळीत सात मिलिलिटर पोषक द्रव असतो आणि तळाशी सिलिकॉनमध्ये रुथेनियम या धातूचे एक संयुग बसवलेले असते. द्रवात प्राणवायू विरघळलेला असेपर्यंत या संयुगाची चमक दबलेली राहते. जंतू वाढू लागले आणि त्यांनी प्राणवायू वापरला, की चमक उजळते. यंत्र दर तासाला प्रत्येक नळी तपासते आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच सूचना देते. पुष्कळ जंतू असलेल्या नमुन्यात ही सूचना आठ-दहा दिवसांतही मिळते. बेचाळीस दिवस काहीच घडले नाही, तर नमुना ‘नकारात्मक’ ठरतो.

द्रव माध्यम क्षयजंतूंप्रमाणे इतर जंतूंनाही मानवते. म्हणून त्यात पाच प्रतिजैविकांचे मिश्रण घालतात. तरीही नळ्या दूषित होण्याचे प्रमाण घन माध्यमापेक्षा जास्त राहते. यंत्राने सूचना दिली, म्हणजे क्षय सिद्ध झाला असे होत नाही. नळीतील थेंब काचपट्टीवर घेऊन झील-नील्सन पद्धतीने रंगवतात. आम्लाने धुतल्यावरही लाल रंग न सोडणाऱ्या काड्या दिसल्या, तर पुढची पायरी. माती आणि पाण्यात राहणारे याच जातकुळीचे कितीतरी जंतू असेच लाल दिसतात आणि त्यांवरचे उपचार वेगळे असतात. क्षयजंतू जे एमपीटी-६४ नावाचे प्रथिन बाहेर सोडतो, ते पंधरा मिनिटांच्या पट्टीचाचणीत ओळखून मगच नाव निश्चित केले जाते.

कर्मचाऱ्याच्या जिवाची काळजी

नळीत वाढलेल्या जंतूंची संख्या रुग्णाच्या थुंकीतील जंतूंपेक्षा कितीतरी अधिक असते. नळीचे झाकण उघडताना, पिपेटमधून द्रव सोडताना, सेंट्रिफ्यूजमध्ये एखादी नळी फुटल्यास सूक्ष्म तुषार हवेत तरंगतात आणि क्षय पसरतो तो अशा तुषारांतूनच. म्हणून वाढलेल्या जंतूंवरचे काम अशा बंदिस्त खोलीत चालते, जिचा हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो. हवा आत येते, पण गाळल्याशिवाय बाहेर जात नाही. कर्मचारी विशेष मुखपट्टी, झगा आणि हातमोजे घालून सुरक्षा-कपाटात हात घालून काम करतात. वीज गेली, दाब बिघडला, तर काम थांबवावे लागते. प्रत्येक तालुक्यात अशी प्रयोगशाळा का उभारता येत नाही, याचे कारण येथे आहे. शीतकपाट आणि सूक्ष्मदर्शक कोठेही नेता येतो. अखंड चालणारी हवा-नियंत्रण यंत्रणा आणि ती जपणारे प्रशिक्षित मनुष्यबळ सर्वत्र निर्माण करणे कठीण असते.

झटपट चाचणी काय सांगते

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. कल्चरला दहा ते शंभर पुरतात. या दोहोंमधील दरी जनुकीय चाचण्यांनी बऱ्याच अंशी भरून काढली. जीनएक्स्पर्ट चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. दोन तासांच्या आत ती क्षयजंतूची जनुकीय खूण शोधते आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो जुमानणार नाही का, हेही सांगते. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट चाचणीची शिफारस या संघटनेने २०२० मध्ये केली. तिचे छोटे यंत्र बॅटरीवर चालते. विजेचा भरवसा नसलेल्या डोंगराळ भागात हा गुण मोलाचा आहे. राधानगरीसारख्या ठिकाणच्या रुग्णाला उपचार त्वरित सुरू होतात, ते अशा यंत्रांमुळे. त्यांचे महत्त्व तिळमात्रही कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु या चाचणीलाही मर्यादा आहेत. पहिली अशी, की जनुकीय द्रव्य मेलेल्या जंतूतही शिल्लक असते. औषधे लागू पडून जंतू मेले, तरी चाचणी काही महिने ‘आढळला’ असेच सांगत राहू शकते. त्यामुळे उपचार यशस्वी होत आहेत का, हे तिच्यावरून ठरवता येत नाही. दुसरी मर्यादा अशी, की ती ठरावीक जागीच पाहते. रिफाम्पिसिनला प्रतिकार देणारे बहुतेक बदल जंतूच्या एका जनुकातील ८१ अक्षरांच्या टापूत घडतात आणि चाचणी तोच टापू तपासते. बदल त्याबाहेर घडला असेल, तर तो नजरेतून सुटतो.

जिवंत आणि मृत जंतूंमधील हा भेद किती दूरगामी ठरू शकतो, याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे एक ऐतिहासिक चाचणी सुरू झाली. क्षयरुग्णाला आरोग्यधामात ठेवूनच बरे करता येते, की गरिबाच्या घरीही तीच औषधे तेवढीच लागू पडतात, हा प्रश्न होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे तेव्हा देशभर होती. खाटा मात्र रुग्णांच्या तुलनेत नगण्य होत्या. घरी आणि आरोग्यधामात उपचार घेणाऱ्यांच्या थुंकीची वारंवार कल्चर करण्यात आली आणि १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की घरच्या उपचारांनीही रुग्ण जवळपास तितकेच बरे होतात. आज डोंगरातील वाडीवरचा रुग्ण आपल्या घरी राहून औषधे घेतो, त्यामागे त्या नळ्यांत न उगवलेल्या जंतूंची साक्ष आहे.

औषधांची परीक्षा

जंतू वाढला, की त्याच्यावर औषधांची परीक्षा घेतली जाते. औषध मिसळलेल्या आणि न मिसळलेल्या माध्यमावर तो एकाच वेळी पेरतात. औषध असूनही एक टक्क्याहून अधिक जंतू वाढले, तर ते औषध त्या रुग्णाला निरुपयोगी समजले जाते. घन माध्यमावर या परीक्षेला चार ते सहा आठवडे लागतात, द्रव माध्यमात एक ते दोन.

या परीक्षेचे गांभीर्य जानेवारी २०१२ मध्ये मुंबईने अनुभवले. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात दिली होती. त्यांच्या नमुन्यांतून वाढवलेले जंतू तपासलेल्या कोणत्याही औषधाला जुमानत नव्हते. ‘संपूर्ण औषधरोधी’ या शब्दप्रयोगावर पुष्कळ वाद झाला आणि सरकारने तो मान्य केला नाही. पण औषधरोधी क्षयाचा प्रश्न त्यानंतर दृष्टीआड करणे कोणालाच शक्य राहिले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले.

त्यानंतर औषधांची बाजू सुधारली आहे. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. पूर्वी याच आजारासाठी वीस महिन्यांपर्यंत औषधे घ्यावी लागत. मात्र बेडाक्विलिनला होणारा प्रतिकार जंतूच्या कोणकोणत्या जनुकीय बदलांमुळे येतो, याचे चित्र रिफाम्पिसिनइतके स्पष्ट नाही. त्यामुळे या औषधाची परीक्षा अजूनही प्रामुख्याने जंतू वाढवूनच घ्यावी लागते. औषध जितके नवे, तितकी कल्चरची गरज अधिक, असा हा काहीसा अनपेक्षित क्रम आहे. उपचारांच्या काळातही अशा रुग्णांच्या थुंकीचे कल्चर दर महिन्याला करणे अपेक्षित असते. नळीत काहीच उगवले नाही, तेव्हा औषधे काम करीत आहेत याची खात्री पटते.

डोंगरातून प्रयोगशाळेपर्यंत

एवढी सारी यंत्रणा अखेर अवलंबून असते ती नमुना कसा घेतला आणि कसा पोहोचला यावर. रुग्णाने तोंड साध्या पाण्याने खळखळून धुवावे, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत आणि छातीतून खोकून बेडका काढावा. हे काम उघड्या हवेत, इतरांपासून दूर करावे. तोंडातील लाळ नळीत पडली, तर अत्याधुनिक यंत्रही हतबल ठरते. सकाळचा पहिला बेडका सर्वांत उपयुक्त असतो. नळीचे झाकण घट्ट लावून, तिच्यावर नाव व तारीख लिहून, तिहेरी आवरणात आणि दोन ते आठ अंश तापमानाच्या शीतपेटीत ती पाठवावी लागते. नमुना तीन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचणे इष्ट असते. जसजसा वेळ जातो आणि उष्णता वाढते, तसतसे इतर जंतू माजतात.

राधानगरीसारख्या भागात ही साखळी टिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. पावसाळ्यात ओढ्यांना पूर येऊन वाडीचा रस्ता बंद होतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरात तर पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि कोल्हापूरचा पुण्याशी संपर्क तुटला. अशा वेळी नमुना गाडीत उन्हा-पावसात अडकून पडण्यापेक्षा नीट थंड राहील अशा जागी थांबलेला बरा, किंवा पाणी ओसरल्यावर नवा घेतलेला बरा. हे ओळखून वागणारी आशा सेविका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ हे या साखळीतील पहिले शास्त्रज्ञच म्हटले पाहिजेत.

शहरी वाचकांसाठीही

हा विषय केवळ डोंगरातील रुग्णांचा आहे, असे मात्र समजू नये. शहरातील सुसज्ज रुग्णालयातही एक चूक वारंवार घडू शकते. मानेतील गाठीचा किंवा मणक्याचा तुकडा तपासणीसाठी काढला, की तो सवयीने फॉर्मलिनमध्ये बुडवला जातो. पेशींची रचना पाहण्यासाठी ते योग्यच आहे. पण फॉर्मलिनमध्ये क्षयजंतू मरतात आणि त्या तुकड्याचे कल्चर कधीच होऊ शकत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाइकांनी डॉक्टरांना एवढेच विचारावे, की तुकड्याचा एक भाग सलाइनमध्ये कल्चरसाठी पाठवणार का. गाठ एकदा काढली, की तीच गाठ पुन्हा काढता येत नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. खोकल्यासाठी परस्पर घेतलेली लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके क्षयजंतूलाही अर्धवट मारतात. ताप उतरतो, बरे वाटते, कल्चरमध्ये वाढ होत नाही आणि आजार आत तसाच राहतो. तिसरी गोष्ट रक्तचाचण्यांची. रक्तातील प्रतिपिंडे मोजून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्या विश्वासार्ह नसल्याने भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. क्षयाचा जंतू शोधायचा, तर तो जेथे आहे तेथील नमुना द्यावा लागतो.

कल्चरचा अहवाल येईपर्यंत उपचार थांबवून ठेवायचे नसतात, हेही स्पष्ट असले पाहिजे. झटपट चाचणीवरून औषधे सुरू होतात आणि कल्चरच्या अहवालावरून ती योग्य आहेत का, हे पडताळले जाते. गरज पडल्यास बदलली जातात. म्हणून पहिला अहवाल मिळाल्यावर दुसरा घ्यायला जायचे टाळणे, किंवा ‘बरे वाटते आहे’ म्हणून महिन्याचा नमुना न देणे, हे रुग्णाने स्वतःवर ओढवून घेतलेले संकट ठरू शकते. नळीत जंतू उगवायला आठवडे लागतात खरे. पण चुकीच्या औषधांवर गेलेले महिने त्याहून कितीतरी महाग पडतात.